लहानपणीची घरची चव पुन्हा ताटात आणायची तर: सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरांसाठी

शेंगोळी, माडगं, कण्या (भरडलेल्या ज्वारीच्या), म्हाद्या, खपलीची खीर. साताऱ्या-सांगलीकडं वाढलेल्या माणसापुढं यांतलं एक नाव घेतलं तरी त्याचा चेहरा बदलतो. मग कधीतरी सुट्टीच्या दिवशी तो हौसेनं पीठ आणतो, कुणाकडून तरी कृती मिळवतो, पदार्थ करतो आणि पहिल्याच घासाला म्हणतो, "आईचं असं नव्हतं लागत."

कृती बरोबर असूनही असं होतं, कारण घरची चव कृतीत फार थोडी असते. त्या वर्षी शेतात काय पिकलं होतं, चूल कशावर पेटत होती, पीठ किती दिवसांचं होतं, पंगतीला किती माणसं होती, तेल जपून घालायचं होतं की नाही, या सगळ्यातून ती बनलेली असते. आधी ती परिस्थिती शोधायची आणि नंतर पदार्थ करायचा. त्यासाठी कोणत्या क्रमानं काय करावं ते खाली सांगतो आहे. एका पदार्थाला सगळं मिळून महिना-दोन महिने लागतील. घाई करू नका.

आधी एकच पदार्थ निवडा आणि आठवेल ते लिहून काढा

सगळ्या आठवणी एकदम हाताळायला गेलं की एकही धड हाती लागत नाही. एक पदार्थ ठरवा, कोरी वही घ्या आणि साहित्य-कृती सोडून बाकी सगळं लिहा. तो कुठल्या महिन्यात व्हायचा? सकाळी की रात्री? ताटात की वाटीत? गरम खायचात की गार? सोबत काय असायचं? कांदा चिरलेला असायचा की बुक्कीनं फोडलेला? भाकरी मोडून खायची की कुस्करून काला करायचा? वरून कच्चं तेल पडायचं का? दुसऱ्या दिवशी उरलेलं काय व्हायचं?

या तपशिलांतच अर्धं उत्तर असतं. म्हाद्याचं उदाहरण घ्या. भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट, फोडणीला कांदा-लसूण, त्यात चटणी आणि पाणी, आणि तेल वर येईस्तोवर उकळी. इतकी साधी गोष्ट. पण तुम्हाला आठवणारा म्हाद्या शेतात, दुपारी, फडक्यातून सोडलेल्या भाकरीबरोबर खाल्लेला असेल तर तो घट्ट आणि गार होता. घरी पातळ आणि वाफाळता केलात तर तो वेगळाच पदार्थ होईल.

लिहिताना अडलात तर वासाची मदत घ्या. वासाचे संदेश मेंदूतल्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेनं पोचतात. म्हणून कढईत मूठभर हुलगे (कुळीथ) भाजायला घेतले की, एरवी प्रश्न विचारून न सुचलेलं आपोआप आठवायला लागतं. वही हाताशी ठेवूनच भाजा.

तुमचं लहानपण कुठल्या पट्ट्यातलं, ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथंच फसतात. "सातारी पदार्थ" असा एक गठ्ठा नाहीच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणदेशी माणूस पाचशेच्या आसपासच्या पावसावर पीक काढतो. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडं भात आणि नाचणी. माण, खटाव आणि सांगलीतले आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा ज्वारी-बाजरीचा, हुलगा-मटकीचा मुलूख. मधल्या कृष्णाकाठी, म्हणजे वाई, कराड, वाळवा, पलूस, मिरज या भागात ऊस, हळद, शेंगा, भाजीपाला. कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजमा) तर इतका आपला की २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या बेदाण्यालाही त्याच वर्षी मिळालं आणि हळदीला २०१८ मध्ये.

त्यामुळं आजीचं माहेर कुठलं ते विचारा. पाटणची लेक आटपाडीला दिली असेल तर तिची आमटी दोन्हीकडची असणार. आणि घर गावातच होतं असंही नाही. साताऱ्याची कितीतरी माणसं मुंबईच्या गिरणगावात राहिली आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यांतली बरीच गावी परतली. विटा-खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक तर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पसरले. ज्यांचं लहानपण परमुलखातल्या अशा घरात गेलं, त्यांच्या चवीत गावाकडून आलेली चटणी आहे आणि तिथलं पाणी, तिथलं पीठही आहे. तेही वहीत लिहा. ते अस्सल नाही असं मुळीच समजू नका.

जाणत्या माणसाजवळ बसा, पण "कृती सांगा" म्हणू नका

आई, आजी, आत्या, चुलती, शेजारची मावशी, ज्यांच्या हातचं खाल्लंत त्यांतलं जे कुणी असेल त्यांच्याकडं दुपारची कामं आटोपल्यावर जा. कृती विचारलीत तर उत्तर ठरलेलं असतं.

"आज्जी, पाणी किती घालायचं?"
"बसंल तेवढं."
"आणि मीठ?"
"अंदाजानं टाकायचं की. त्यात काय सांगायचं?"

यात टाळाटाळ काहीच नाही. ज्ञान हातात आहे आणि ते हाताकडूनच घ्यावं लागतं. तोंडी विचारायचं ते वेगळं: किती माणसं जेवायची? कोण आधी बसायचं? दळण कुठून यायचं? तेल घाण्याचं होतं का? सरपण काय होतं, तुरकाट्या, बाभूळ, की शेणी? गूळ कुठल्या गुऱ्हाळातला? सासूनं शिकवलं की आईनं? अशा प्रश्नांना उत्तरं भरभरून येतात आणि त्यांच्या ओघात कृतीही येते. फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा, आणि फोन बाजूला पालथा ठेवा म्हणजे त्यांचं लक्ष त्यावर जात नाही.

एका बाबतीत जपून राहा. आपल्याला जे लाडानं आठवतं ते पुष्कळदा टंचाईतून आलेलं असतं. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथं मिळणारी सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या, त्यांना "कण्या किती छान लागायच्या" हे वाक्य कधीकधी लागतं. तुमच्या वाटीतल्या कण्या त्यांच्यासाठी धान्य पुरवायची युक्ती होती. कण्यांबद्दल बोलताना एखादी आजी गप्प झाली तर तिथंच थांबा, चहा करा, दुसऱ्या दिवशी या. तिनं सांगितलं तर ते सगळं लिहून घ्या. त्या वर्षी घरात दूध नव्हतं म्हणून कण्या ताकातल्या, हे कळल्याशिवाय तुम्ही त्या दुधातच कालवत राहाल.

हाताची मापं पकडायची रीत

स्वयंपाक करताना त्यांना थांबवून "थांबा, मोजते" म्हटलं की हात बिचकतो आणि प्रमाण बदलतं. त्यापेक्षा घरात वजनकाटा असू द्या आणि सुरुवात व्हायच्या आधी पिठाचा डबा, गुळाची ढेप, तेलाची बरणी, मिठाचं भांडं, पाण्याचा तांब्या असं सगळं वजन करून लिहून ठेवा. त्यांना मोकळेपणानं करू द्या. झाल्यावर पुन्हा सगळं वजन करा. वजाबाकी हेच तुमचं प्रमाण. त्यांच्या हाताला धक्का न लावता ते मिळतं.

जुन्या घरात शेर, मापटं, चिपटं यांपैकी एखादं पितळी किंवा लोखंडी माप अजून असेल तर ते टाकू नका. चार शेरांची पायली, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ही मापं आकारमानाची आहेत, वजनाची नव्हेत. एक शेर ज्वारी आणि एक शेर पीठ यांचं वजन एक भरत नाही. म्हणून आजीच्या मापानं ज्वारी, हुलगे, शेंगदाणे, पीठ असं प्रत्येक जिन्नस एकदा भरून त्याचं ग्रॅममधलं वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. चमच्यांचंही तसंच. "एक पळी तेल" म्हणजे कुठली पळी, ते पळीच हातात घेऊन बघा.

वेळ घड्याळानं लिहा, पण शेजारी खूणही लिहा. "वीस मिनिटं" यापेक्षा "शेंगोळं बोटानं दाबलं की दबतं, पण फुटत नाही" हे पुढच्या माणसाला जास्त उपयोगी पडतं. फोडणीचा आवाज कधी बदलला, वास कधी सुटला, तेल कडेला कधी दिसलं, हे टिपा.

जिन्नस: इथं तडजोड केलीत तर पुढचं सगळं वाया

चटणीपासून सुरुवात करा. आमच्याकडं भाजीत "चटणी टाक" म्हटलं की कांदा-लसूण घालून कुटलेलं तिखट. आमटी, म्हाद्या, घेवडा, पिठलं सगळं त्यावर उभं असतं आणि प्रत्येक घराची ती वेगळी असते. शक्य असेल तर पहिल्या वेळी नातेवाइकांच्या घरची वाटीभर मागून आणा. स्वतः करायची तर चैत्र-वैशाखाचं ऊन हवं. सुरुवातीला धरायला एक प्रमाण देतो: १ किलो मिरचीला (रंगाला निम्मी बेडगी, तिखटाला निम्मी लवंगी किंवा संकेश्वरी) १ किलो कांदा, पाव ते अर्धा किलो लसूण, अर्धा किलो सुकं खोबरं, अर्धा किलो धणे, मूठभर तीळ आणि घरच्या सवयीचा गरम मसाला. कांदा उभा पातळ चिरून उन्हात वाळवायचा, मग तेलात खरपूस तळायचा. यात कंटाळा केला तर ओल राहते आणि चटणीला बुरशी धरते. डंकावर (कुटायच्या यंत्रावर) कुटून आणलीत तर उत्तम. बरणी चिनी मातीची किंवा काचेची असावी, तळाशी मीठ आणि एक हिंगाचा खडा, आणि ओला चमचा त्यात कधीही नाही.

तेल शेंगदाण्याचं, घाण्याचं. रिफाइंड तेलात म्हाद्या केला तर कूट असूनही शेंगेचा वास येत नाही. गूळ गडद तपकिरी रंगाचा घ्या. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा, पण बहुधा रसायनानं उजळलेला असतो आणि खिरीत त्याची चव उथळ लागते. ज्वारी शाळू, मालदांडी मिळाली तर फारच छान. पीठ थोडं दळा आणि आठ-पंधरा दिवसांत संपवा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो, ती बांधली जाते गरम पाण्यानं आणि मळण्यानं, आणि शिळ्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते.

भांडं आणि विस्तव

मिक्सर कापतो आणि तापवतो, पाटा-वरवंटा चेंगरतो. लसूण-मिरची चेंगरली की रस वेगळा सुटतो. पाटा नसेल तर खलबत्ता वापरा. तोही नसेल तर मिक्सर क्षण-क्षण फिरवून थांबवा, वाटणाची पेस्ट होऊ देऊ नका. खिरीला जाड बुडाचं पातेलं हवं, कल्हई केलेलं पितळी असेल तर सुरेख. पातळ स्टीलच्या पातेल्याखाली जुना तवा ठेवला तरी खालून लागत नाही.

चुलीचा वास मात्र गॅसवर येणार नाही. कोळशाचा धुंगार देऊन तो आणायचा प्रयत्न पुष्कळ जण करतात. मला तो पटत नाही. तो हॉटेलचा वास आहे, घरचा नव्हे. त्यापेक्षा कांदा सालासकट आणि खोबऱ्याची वाटी थेट जाळावर भाजा, भाकरी शेवटी तव्यावरून काढून आचेवर फुगवा. जवळ जायला तेवढं पुरतं.

आता करून बघू: शेंगोळी

शेंगोळ्यांवर सविस्तर लिहितो, कारण वरच्या सगळ्या पायऱ्या त्यात कामाला येतात. चार माणसांना हुलग्याचं पीठ २५० ग्रॅम, ज्वारीचं ५० ग्रॅम, लसणाच्या १५-२० पाकळ्या, १ चमचा जिरं, अर्धा चमचा ओवा, हळद, मीठ, चटणी किंवा हिरवी मिरची, कोथिंबीर. पीठ कच्च्या हुलग्याचं की हलकं भाजलेल्या, हे तुमच्या घरी विचारा. भाजलेल्याला खमंगपणा जास्त, कच्च्याला हुलग्याचा तो ओळखीचा उग्र वास जास्त.

लसूण, जिरं, मिरची ठेचून दोन वाटे करा. एक वाटा पिठात घाला, दुसरा फोडणीला ठेवा. पिठात ओवा, हळद, मीठ आणि चमचाभर तेल घालून गरम पाण्यानं घट्ट मळा. हुलग्यालाही चिकटपणा नाही, गार पाण्यानं मळलं तर वळताना तुटतं. दहा मिनिटं झाकून ठेवा. मग तेलाचा हात लावून पोळपाटावर पेन्सिलीएवढ्या जाड वळ्या वळा आणि टोकं जुळवून कडी करा. कुणाकडं नुसत्याच बोटभर लांब वळ्या असतात. आठवणीतला आकार कुठला होता ते बघा, कारण जाडी बदलली की शिजणं बदलतं आणि रस किती मुरतो तेही.

जाड बुडाच्या पातेल्यात फोडणी करा, लसूण तांबूस होऊ द्या, चटणी टाकून लगेच सहा-सात वाट्या पाणी ओता, नाहीतर ती करपते. पाण्याला मीठ घाला. खळखळ उकळी आल्यावरच शेंगोळी एकेक सोडा, एकदम ओतलीत तर चिकटून गोळा होतो. पहिली पाच मिनिटं डाव घालू नका. मग हलक्या हातानं तळातून एकदा फिरवा, आच मध्यम करा, अर्धं झाकण ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत शेंगोळी शिजून वर येतात. एक मोडून बघा, आत कोरडं पांढुरकं पीठ दिसलं तर अजून पाच मिनिटं. रस पातळ वाटला तर चमचाभर हुलग्याचं पीठ गार पाण्यात कालवून लावा.

आता पातेलं उतरवून पंधरा मिनिटं तसंच ठेवा. याच वेळात रस आत मुरतो आणि दाटतो. घाईनं वाढलेली शेंगोळी बाहेरून तिखट आणि आतून अळणी लागतात, आणि "आईचं असं नव्हतं" हे वाक्य बहुतेक याच पंधरा मिनिटांमुळं येतं.

खपलीची खीर

जत-मिरजेकडं हिला हुग्गीही म्हणतात. खपली गव्हाचं टरफल दाण्याला घट्ट असतं म्हणून ती सडावी लागते. हल्ली सडलेली विकत मिळते, तीच घ्या. २५० ग्रॅम खपली रात्रभर भिजवा, सकाळी पाणी बदलून कुकरला मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवा. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे. तोवर गुळाला हात लावू नका, गूळ पडला की दाणा पुढं मऊ होत नाही. मग २५० ते ३०० ग्रॅम गूळ घालून घोटत आटवा. शेवटी कुटलेली बडीशेप, सुंठ, जायफळ, खोबऱ्याचा कीस. बडीशेप विसरू नका, आमच्या भागातली खीर तिच्यावरूनच ओळखू येते. दूध पातेल्यात ओतू नका, गुळामुळं फाटायची भीती असते. ते ताटात, वरून, आणि तूपही.

माडग्याला भाजलेल्या हुलग्याचं पीठ लागतं. चार चमचे पीठ गार पाण्यात कालवा, चार वाट्या उकळत्या गूळपाण्यात सुंठेसकट लावा, दहा मिनिटं ढवळत शिजवा. पावसाळ्यात भिजून आल्यावर प्यायचं ते. उन्हाळ्यात केलंत तर त्याची मजा येत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला

पहिल्या खेपेला फरक राहिला तर पीठ, तेल, भांडं, चटणी सगळं एकदम बदलू नका, नेमकं काय चुकलं होतं ते कळणार नाही. चटणी बदलून बघा, बाकी तेच ठेवा. पुढच्या वेळी तेल. वहीत तारीख, काय बदललं, काय वाटलं, एवढ्या तीन ओळी लिहा.

चव ठरवायला एकट्याच्या जिभेवर भरवसा नको. वय वाढलं की चव आणि वास मंदावतात, त्यामुळं ऐंशीच्या आजी आज मीठ जास्त घालतील आणि तेच पूर्वीचं म्हणून सांगतील. भावंडांना एकत्र जेवायला बोलवा, एकमेकांचं ऐकायच्या आधी प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा: तिखट कमी, दाट जास्त, लसूण कच्चा. थोरला आणि धाकटा यांच्यात दहा-बारा वर्षांचं अंतर असेल तर दोघांच्या आठवणीतले पदार्थही वेगळे निघतील, कारण मधल्या काळात घरात गॅस आला होता, किंवा वाटणी होऊन पंगत लहान झाली होती. अशा वेळी वाद न घालता दोन पानं करा.

प्रमाणं आधी पेन्सिलीनं लिहा आणि सगळे "हेच" म्हणाले की शाईनं. वर पदार्थाचं नाव, खाली कुणाच्या हातचं, कुठलं गाव, कुठल्या साली, साधारण किती माणसांच्या घरातलं. वहीचे फोटो काढून सगळ्या भावंडांना पाठवा, आणि पुढच्या वेळी शेंगोळी वळायला घरातल्या पोरांना पोळपाटावर बसवा. वाकडी वळली तरी शिजतात.